शेपटीवाली रेघ

माझ्या साडूला सरळ रेघ ओढता येत नाही. हे मी रागाच्या भरात सांगतोय असं नाही. शांत असतो तरी हेच सांगितलं असतं, पण शांत असण्याची वेळ हल्ली माझ्यावर येत नाही.

रेघ म्हणजे बोल्टवरची. मोठ्या यंत्रांच्या कामात बोल्ट पुरा आवळून झाला, की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाच्या पेनानं एक रेघ ओढतात. पुढे यंत्र हादरून हादरून बोल्ट जरासा जरी फिरला, तरी रेघ मधेच तुटलेली दिसते आणि पाना न लावताच कळतं की हा सैल झालाय. इतकं साधं काम आहे. बोटभर रेघ. पण आमचे साडूभाऊ ती खाली आणतात आणि शेवटी मनगटाला असा काही झटका देतात, की प्रत्येक रेघेला वर वळलेलं शेपूट. बोल्ट आवळलाय की सही ठोकलीय ते कळू नये. आणि लोकांना ते आवडतं. त्याचं सगळंच लोकांना आवडतं.

आम्ही दोघं एकाच कागद कारखान्यात होतो. मी गुंडाळणीच्या यंत्रावर, तो फोर्कलिफ्टवर. माझ्या मेव्हणीचं त्याच्याशी जमलं तेही तिथंच, मला डबा द्यायला आली तेव्हा, म्हणजे हे सगळं मीच ओढवून घेतलेलं. कारखाना बंद पडला आणि दोघंही एकाच दिवशी घरी बसलो. सासूबाईंनी बातमी ऐकली आणि म्हणाल्या, "धाकटे जावईबापू काहीतरी करतील." थोरले काय करतील, ते त्या बोलल्या नाहीत.

धाकट्यानं खरंच केलं. शहराबाहेर, जिथं रस्ता रुंद होतो आणि दुकानं संपतात, तिथं अवजड यंत्रांच्या देखभालीचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. उंच पत्र्याची शेड, आत दोन पोकलेन, एक डोझर, आणि उघडून बंद करून झिजलेली इंजिनं. कोर्स पुरा करून प्रॅक्टिकल पास झालं, की खाणीतली यंत्रं सांभाळणारी एक कंपनी तिथूनच माणसं उचलायची. साडूनं स्वतःचं नाव घातलं आणि मला न विचारता माझंही घातलं. वयाची अट होती, तिच्या अगदी कडेवर मी उभा होतो. या खेपेला नाही, तर कधीच नाही. दुसरा रस्ता बायकोच्या मामांनी तयार ठेवला होता. एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, गाडी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली. बसून काम आहे, सावली आहे, असं मामा कौतुकानं सांगायचे. मला त्या दांड्याच्या विचारानं जेवण जात नसे.

केंद्रात आम्हाला शिकवायला एक बाई होत्या. अर्धं आयुष्य त्यांनी खाणीत डोझरखाली काढलं होतं आणि उजव्या हाताचं एक बोट वाकडं करून परत आल्या होत्या. त्यांना सगळे थांबा मॅडम म्हणायचे, कारण वर्गात त्यांच्या तोंडी तो एकच शब्द. पाना उलटा धरला, थांबा. जॅक न लावता खाली वाकलात, थांबा. चहाच्या सुट्टीत साडू त्यांची हुबेहूब नक्कल करायचा आणि एकदा ती त्यांनी मागून पाहिली. दुसऱ्या कुणाला केंद्राबाहेर काढलं असतं. याला त्या म्हणाल्या, "आवाज अजून वर काढ, शेडमध्ये ऐकू जात नाही."

काम जोडीनं करायचं असा तिथला नियम. एक आवळणार, पांढरी रेघ ओढणार. दुसरा मागून येऊन प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं तपासणार आणि पिवळी रेघ ओढणार. टॉर्क रेंच म्हणजे असा पाना, की ठरवलेला जोर लागला की खटकन वाजतो. बोल्ट पुरा आवळलेला असेल, तर तो हलत नाही, नुसता खट आवाज येतो. आवाजाआधी बोल्ट फिरला, तर तो सैल.

"सैल सापडला तर काय कराल?" मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आवळू," एकानं सांगितलं.

"थांबा. तपासणाऱ्यानं आवळायचं नाही. रेंच काढायचा, हात मागे घ्यायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं थांबा म्हणायचं. मग आवळणारा येईल आणि पहिल्या बोल्टपासून परत सुरू करेल. सगळे."

"एका बोल्टसाठी सगळे?"

"एक राहिला म्हणजे त्याचं लक्ष उडालं होतं. कधी उडालं, ते तुम्हाला कुठं माहीत? आणि तुम्ही गुपचूप आवळून टाकलात, तर त्यालाही कळणार नाही की आपला राहतो."

आमच्या जोडीत पांढरा पेन साडूकडे गेला आणि पिवळा माझ्याकडे. मॅडमनी आमच्याकडे नुसतं एकदा पाहून ते ठरवलं होतं. बरोबरच होतं. माझं लक्ष असतं. घरात नळाला गळती लागली तर मला शेजारच्या खोलीतून ऐकू येते. दाराची कडी नीट बसली नाही, डब्याचं झाकण तिरकं लागलं, गॅसचं बटण अर्धवट फिरवलं, सगळं मला दिसतं आणि मी उठून ते नीट करतो. कुणाला काही म्हणत नाही. बायको म्हणते, हेच तर वाईट आहे.

"तोंडानं सांगा ना," ती म्हणते. "झाकण नीट लाव, एवढं म्हणायला काय होतं? तुम्ही स्वतः लावता आणि मग आठ दिवस फुगून बसता. मला कळतच नाही माझं काय चुकलं."

"कळायला पाहिजे."

"कसं कळणार? झाकण तर लागलेलं असतं."

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या महिन्यात डोझरच्या पट्ट्याचं काम होतं. पट्टा म्हणजे चाकांवरून फिरणारी लोखंडी साखळी, तिच्या प्रत्येक पाटाला बोल्ट. समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून आवळायचे असतात, म्हणजे दाब सारखा बसतो. त्यामुळे आपण कुठं होतो ते विसरणं अगदी सोपं, आणि म्हणूनच एक बोल्ट आवळला की लगेच त्याची रेघ, मगच पुढचा, अशी शिस्त. साडूला ही शिस्त पसंत नव्हती. पेन काढा, टोपण उघडा, रेघ ओढा, टोपण लावा, पाना घ्या, यात लय बिघडते म्हणे. तो सगळे एका दमात आवळायचा, मधे कुणी हाक मारली की गप्पा मारून यायचा, पुढचे आवळायचा, आणि शेवटी पेन उघडून भराभरा सगळ्यांना शेपट्या लावत सुटायचा.

मी मागून तपासत आलो. खट, खट, खट, आणि एक बोल्ट फिरला. वर झोकदार शेपटीवाली रेघ, आणि बोल्ट सैल.

तेव्हा थांबा म्हणायला हवं होतं हे मलाही ठाऊक होतं. पण म्हणून बघा. शेडमधले सगळे वळून बघणार. तो हसून म्हणणार, अरे बापरे, पकडलं दादांनी. सगळे हसणार, त्याच्याबरोबर हसणार, माझ्याबरोबर नाही. संध्याकाळपर्यंत गोष्ट सासूबाईंपर्यंत जाणार आणि तिथं तिचा अर्थ असा होणार, की थोरल्याला धाकट्याचं चांगलं बघवत नाही. शिवाय पहिल्यापासून परत म्हणजे दुपार गेली. मी इकडे तिकडे पाहिलं. मॅडम दुसऱ्या टोकाला कुणावर तरी थांबा ओरडत होत्या. मी रेंच तसाच पुढे ओढला, खट वाजेपर्यंत.

बोल्ट फिरला तशी पांढरी रेघ तुटली. आता आली का पंचाईत. मी फडक्यानं ती पुसली, पट्ट्यावर पडलेला साडूचा पेन उचलला आणि नवीन रेघ ओढली. नुसती सरळ ओढली असती तर बाकीच्यांत वेगळी दिसली असती. म्हणून तिला शेपूट काढलं. पहिलं शेपूट बरं नाही आलं.

पुढच्या वेळी माझ्या वरच्या खिशात माझा स्वतःचा पांढरा पेन होता. कारण पुढची वेळ आलीच, आणि त्याच्या पुढचीही. दर वेळी नाही, पण दहापाच दिवसांत एखादा बोल्ट हमखास. मी आवळायचो, पुसायचो, शेपूट काढायचो, वर माझी पिवळी रेघ. शेपट्या काढण्यात माझा हात इतका बसला, की साडूला स्वतःला फरक कळला नसता. आणि मॅडम सगळ्यांसमोर म्हणायच्या, "याचे बोल्ट बघा. एकही परत येत नाही." तो छातीवर हात ठेवून मान लववायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. बसनं घरी येताना तो शेजारी बसून गाणं गुणगुणायचा आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

"दादा, तुम्ही बोलत का नाही हो?" तो विचारायचा. "मॅडम रागावल्या का?"

"नाही."

"मग झालं तर," असं म्हणून तो गाणं पुढे चालू करायचा.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. शांत माणूस. चष्मा सारखा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, त्यामुळे बघतोय की नाही ते कळायचं नाही. आम्हाला पोकलेनची रिंग मिळाली. पोकलेनचा वरचा सगळा भाग, केबिन, इंजिन, हात, ज्या एका रिंगवर गोल फिरतो, तिचे बोल्ट. ते सुटले तर काय होईल, हे मॅडमनी एकदाच सांगितलं होतं आणि तेवढं पुरलं होतं.

साडूनं आवळायला सुरुवात केली. त्याचं अर्धं अंग यंत्राखाली, पाठ फिरवण्याआधी मला दिसले ते फक्त बूट. तपासणाऱ्यानं तेव्हा यंत्राकडे पाठ करून उभं राहायचं असतं, म्हणजे कुठं वेळ लागला, कुठं अडलं ते त्यानं बघू नये. त्याला नेहमीपेक्षा उशीर लागत होता. माझा जीव टांगणीला. घड्याळाकडे बघून मी मनातल्या मनात त्याला जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या. शेवटी तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि मला डोळा मारला. परीक्षक म्हणाले, "चहा घेऊन या सगळे. मग तपासणी." आम्ही बाहेर गेलो. चहाच्या टपरीपाशी साडू कुणाला तरी हसवत होता आणि माझा चहा हातातच गार झाला.

मग मी रिंगखाली गेलो. खट. पिवळी रेघ. खट. पिवळी रेघ. हात स्थिर होता, मला स्वतःचंच बरं वाटत होतं. वरून ओळीनं शेपट्या लागलेल्या होत्या. मागच्या बाजूला, इंधनाच्या टाकीखाली, एक रेघ सरळ होती. परीक्षेच्या भीतीनं का होईना, एक तरी सरळ काढली, असं मनात आलं. रेंच लावला आणि बोल्ट फिरला.

तो आवाज न येणं मला अजून ऐकू येतं. मी तसाच वाकून राहिलो. आजही. आजच्या दिवशीसुद्धा त्याला जमलं नाही. मला इतका संताप आला, की डोळ्यांपुढे ती रेघही दिसेना. थांबा म्हटलं, तर पहिल्यापासून परत. तेवढा वेळ उरला नव्हता. दोघांचंही गेलं. त्याचं जाऊ दे, तो कुठंही जाऊन हसत उभा राहील आणि लोक त्याला कामावर घेतील. माझ्यासमोर तो फाटकावरचा दांडा होता. बाहेर त्याचे बूट दिसत होते, एका पायानं ताल धरलेला.

मी रेंच ओढला. खट. फडकं फिरवलं, खिशातून पांढरा पेन काढला, झोकात शेपूट काढलं, वर पिवळी रेघ. सवयीचं काम, पापणी लवायच्या आत झालं. बाहेर आलो आणि म्हणालो, "सगळे ठीक."

परीक्षक टॉर्च घेऊन खाली गेले. फार वेळ लागला नाही. थेट इंधनाच्या टाकीखालीच गेले असणार. बाहेर येऊन त्यांनी चष्मा पुसला.

"एकही सैल नव्हता?"

"नाही."

"टाकीखालचा?"

मी काही बोलायच्या आत साडू पुढे झाला. "साहेब, तो माझा राहिला असेल. तिथं हात नीट पोचत नव्हता. दादांनी फक्त..."

"तुझा नव्हता राहिला," परीक्षक म्हणाले. "तुझे सगळे बरोबर होते, मी चहाच्या वेळी बघितले. तो मी सोडवला. दर जोडीचा एक सोडवतो. रेघ पुसून मीच परत ओढली." मग ते माझ्याकडे वळले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी सरळ ओढली होती. आता तिला शेपूट आहे. खिशात काय आहे तुमच्या?"

मी पांढरा पेन काढून दिला. तो घेऊन त्यांनी टेबलावर ठेवला. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता त्यांचा तो शब्द येणार, पण त्यांनी नुसतं वाकडं बोट दुसऱ्या हातात धरलं आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

दोघांचे निकाल वेगळे लागतात हे मला तेव्हा कळलं. साडू पास. मी नापास. वय उलटलं तरी पुढच्या बॅचबरोबर एकदा, एकदाच बसता येईल. तेव्हाही हात पुढे गेला, तर कायमचं घरी. थांबा म्हणालो असतो तर तिथल्या तिथं पास होतो, पहिल्यापासून काही करायचंच नव्हतं. हे परीक्षकांनी दयाळूपणानं समजावून सांगितलं. मला कुणी समजावून सांगितलेलं आवडत नाही, आणि ही असली परीक्षा मला आजही मान्य नाही. सरळ काम करणाऱ्या माणसाच्या पाठीमागून जाऊन बोल्ट सैल करून ठेवायचा, याला काय म्हणायचं? आणि तो मूर्ख त्या दिवशी, नेमका त्याच दिवशी, एक बोल्ट एक रेघ असं शिस्तीत काम करून बसला होता. मला आधी सांगायचं तरी.

घरी बायकोनं ताट मांडलं आणि ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे झाकण."

"कसलं झाकण?"

"काही नाही. जेवा."

साडूला कंपनीनं लांबच्या खाणीवर घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सासूबाईंच्या दारात जमलो. त्यानं कुणाची तरी जुनी जीप आणली होती, वर गाद्या, बादल्या, शिलाई मशीन दोरीनं बांधलेलं. मेव्हणी पोरांना आत कोंबत होती. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या की धाकट्यांनी नाव काढलं, आणि माझ्याकडे नजर गेली की, "थोरल्यांचंही होईल हो," असं पुढे जोडत होत्या. साडूनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "दादांची परीक्षा माझ्याहून अवघड होती." हे त्याचं चांगुलपण मला कारखाना बंद पडण्यापेक्षा जड गेलं. ओरडला असता, चार शब्द बोलला असता, तर मीही बोललो असतो.

पुढचं एक चाक त्यानं सकाळीच बदललं होतं आणि म्हणून चारही चाकांचे नट पुन्हा आवळले होते. पांढऱ्या पेनानं रेघाही ओढल्या होत्या. प्रत्येकीला शेपूट. शेजारचे दोघे त्या रेघांचं कौतुक करत होते आणि तो त्यांना त्याचा अर्थ सांगत होता.

मला काही करायचं नव्हतं. मी नुसता जीपला टेकून उभा होतो आणि पाना चाकाजवळ पडलेला होता. वाकलो, पाना उचलला, सवयीनं एका नटाला लावला. खट. म्हणजे हा पाना खट वाजणारा नव्हता, पण माझ्या हाताला कळतं. दुसरा. तिसरा फिरला.

मी आजूबाजूला पाहिलं. साडू दोरी ओढत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. अर्धा झटका दिला असता तर झालं असतं. पांढरा पेन बोनेटवर टोपणासकट ठेवलेला, हाताच्या अंतरावर. पोरं मागच्या सीटवरून काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

"थांब," मी म्हणालो.

आवाज बाहेर आलाच नाही नीट. साडूनं दोरीची गाठ मारली आणि दुसऱ्या बाजूला गेला.

"थांब," मी पुन्हा म्हणालो, आणि या खेपेला असा ओरडलो की सासूबाईंच्या हातातली बशी वाजली.

सगळे वळून बघायला लागले. शेजारचे दोघेही. "निघतानाच कशाला अडवता त्यांना?" सासूबाई म्हणाल्या. मी पाना नटावरून काढला आणि हात मागे घेतला.

साडू हसत आला. "काय झालं दादा?"

"हा सैल आहे."

"अहो रेघ आहे की वर."

"रेघ आहे. नट सैल आहे."

त्यानं पाना लावला. नट फिरला, शेपटीवाली रेघ तुटली. त्याचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. तो चाकाशी उकिडवा बसला आणि त्या तुटक्या रेघेकडे बघत राहिला. मग हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असा, म्हणाला, "दादा, परीक्षेत तुमच्या खिशातून पांढरा पेन निघाला. तुमचं काम तर पिवळ्याचं."

मी बोनेटवरच्या पेनाकडे पाहिलं.

"कधीपासून होता तो तुमच्याकडे?"

"डोझरच्या पट्ट्यापासून."

"म्हणजे त्या शेपट्या..."

"काही तुझ्या. काही माझ्या."

"किती राहायचे माझे?"

"मोजले नाहीत."

"मोजण्याइतके होते?"

"होते."

मला वाटलं आता तरी चिडेल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. मी म्हणालो, "परीक्षेत एकही नव्हता. तिथले सगळे तुझेच."

"परीक्षेचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "मला वाटायचं मला येतं. मॅडम म्हणायच्या, याचा एकही परत येत नाही. मी उद्यापासून तिथं जाणार आहे, दादा. तिथं माझ्या मागून दुसराच कुणीतरी असेल. किंवा नसेलही." मग त्यानं मान वर केली. त्याला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि डोळे भरलेले. "एकदा म्हणायचं होतं ना. एकदाच. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

बायको पायरीवर उभी होती. तिला ऐकू गेलं होतं की नाही माहीत नाही, पण ती माझ्याकडे बघत होती आणि फुगलेली नव्हती.

साडूनं खिशातून फडकं काढलं आणि त्या चाकावरच्या सगळ्या रेघा पुसल्या. मग दुसऱ्या चाकावरच्या. चारही चाकांवरच्या. "पहिल्यापासून," तो म्हणाला.

"आता परत?" मेव्हणीनं आतून विचारलं. "ऊन डोक्यावर येईल हो."

"येऊ दे."

त्यानं पोरांना खाली उतरवलं, नट सोडले आणि समोरासमोर आवळायला बसला. एक नट, एक रेघ, टोपण, पुढचा नट. मी त्याच्या मागे उभा राहिलो. सासूबाईंनी दोनदा विचारलं की नक्की काय बिघडलंय, आणि दोन्ही वेळा त्यानं सांगितलं की काही नाही, दादा तपासतायत. पिवळा पेन नव्हता, म्हणून एका पोरानं आपल्या दप्तरातला पिवळा खडू मला आणून दिला. तो लोखंडावर नीट उमटत नव्हता.

तिसऱ्या चाकाशी मला परत थांब म्हणावं लागलं. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. फडकं काढलं, सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्या चाकापाशी जाऊन बसला.